झडपांचा रंग

गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेहून परत आल्यापासून स्नेहीमंडळी आम्हांस एकच प्रश्न विचारीत आहेत, कीं तिकडे पाहण्यासारखें काय पाहिलें? नायगाराचा धबधबा पाहिला, वॉशिंग्टनचें तें अवाढव्य ग्रंथालय पाहिलें, न्यू यॉर्कच्या बंदरांतील मशालवाली देवीहि पाहिली. पण या सर्वांवर मिळून जेवढे दिवस गेले असतील त्यांच्या तिप्पट दिवस आम्हीं एका लहानशा घराच्या चार भिंती आणि आठ झडपा रंगविण्यांत घालविले. रंगविण्यांत म्हणण्यापेक्षां, रंगविणाऱ्याची शिडी धरून उभें राहण्यांत घालविले असें म्हणणें अधिक खरें होईल.

घर आमच्या कन्येचें व जांवयांचें. न्यू जर्सी संस्थानांत एडिसन म्हणून एक गांव आहे. विजेचा दिवा घरोघर नेणाऱ्या त्या कल्पक पुरुषाची प्रयोगशाळा तेथल्या मेन्लो पार्क भागांत होती, म्हणून १९५४ सालीं गांवास त्याचें नांव देण्यांत आलें. सांप्रत तेथें आपल्या लोकांची वस्ती एवढी आहे कीं कोथिंबिरीची जुडी आणावयास निघालेल्या माणसास इंग्रजीची गरज पडूं नये. घर दीड मजली, उतरत्या छपराचें, दुसरें महायुद्ध संपल्यावर घाईघाईनें उभारलेल्या असंख्य घरांपैकीं एक. या घाटाच्या घरास तिकडे ‘केप कॉड’ म्हणतात.

अशा घराची भिंत लांबून पाहिली तर लांकडी फळ्यांची दिसते. एकीचा कांठ दुसरीवर चढवून बसविलेल्या आडव्या फळ्या, त्यांवर लांकडाच्या रेषासुद्धां. जवळ जाऊन टिचकी मारली म्हणजे खरा प्रकार समजतो. आवाज लांकडाचा येत नाहीं, रिकाम्या डब्याचा येतो. ते व्हिनाइल नांवाच्या प्लॅस्टिकचे पट्टे असतात, आणि रेषा यंत्रानें उठविलेल्या असतात. आपल्याकडे घरांतले पाण्याचे पाइप ज्या पी.व्ही.सी.चे असतात तोच हा पदार्थ. १९६० सालाच्या थोडेसें आधीं हे पट्टे बाजारांत आले, आणि शतक संपावयाच्या सुमारास नव्या घरांच्या भिंतींवर याच्याइतकें दुसरें कोणतेंच आच्छादन त्या देशांत चढत नव्हतें. विकणाऱ्यांनीं लोकांस वचन दिलें होतें तें असें, कीं या भिंतीला पुन्हां कधींहि रंग द्यावा लागणार नाहीं. लांकडी भिंतीला थोड्याथोड्या वर्षांनीं रंग हवा, रंगाऱ्याची मजुरी तिकडे भारी. तेव्हां हें वचन गृहस्थाश्रमी माणसाच्या कानांस किती गोड लागलें असेल! मात्र या करारावर सूर्याची सही नव्हती. पंचवीस-तीस वर्षें ऊन खाल्ल्यावर पट्ट्याची तकाकी जाते, रंग विटतो, आणि वरून हात फिरविला तर तळव्याला खडूसारखी पूड लागते. कन्येच्या घराची दक्षिणेची भिंत या दशेला पोंचली होती. उत्तरेच्या भिंतीवर हिरवट बुरशी धरली होती. मूळचा रंग बदामी होता असें म्हणत. आम्हांस तो पुष्कळदां धुतलेल्या गोणपाटासारखा वाटला.

भिंत विटली म्हणून कोणी लागलीच रंगवावयास काढीत नाहीं. विटलेल्या भिंतींत माणसें सुखानें नांदतात. येथें कारण निराळें होतें. मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळीं जांवयांच्या कंपनीनें पुष्कळ माणसें एकदम कमी केलीं, त्यांत ते होते. जांवई त्या देशांत एच-वन-बी नांवाच्या परवान्यावर राहतात. या परवान्याची अट अशी कीं नोकरी सुटली म्हणजे जास्तींत जास्त साठ दिवस मिळावयाचे. तेवढ्यांत दुसऱ्या कोणा धन्यानें त्यांच्यासाठीं सरकारकडे अर्ज केला तर राहणें, नाहीं तर बहुधा गाशा गुंडाळणें. घर घेतलेलें, त्याचें कर्ज डोक्यावर, नात नुकती पहिलींत जावयाची. साठ दिवसांत दोन कामें एकदम करावयाचीं होतीं: नोकरी शोधावयाची, आणि ती नच मिळाली तर घर चटकन् विकलें जाईल अशा स्थितींत आणून ठेवावयाचें. दलाल म्हणाला, आधीं बाहेरून रंग द्या. रंगाच्या कंत्राटदारानें जो आंकडा सांगितला तो ऐकून जांवई म्हणाले, “मीच देतों.” आम्ही उभयतां जूनच्या पहिल्या आठवड्यांत तेथें पोंचलों तेव्हां अंगणांत शिडी आलेली होती.

रंग कोणता द्यावयाचा हा प्रश्न आवडीनिवडीचा असतो अशी आमची समजूत. व्हिनाइलच्या बाबतींत तो पदार्थविज्ञानाचा असतो हें रंगाच्या दुकानांत कळलें. हा पट्टा उन्हानें वाढतो व थंडीनें आंखडतो. बारा फुटांचा पट्टा कडक हिंवाळ्यापासून भर उन्हाळ्यापर्यंत सुमारें अर्धा इंच लांब होतो. म्हणून तो भिंतीवर घट्ट ठोकीतच नाहींत. वरच्या कांठाला लांबट भोंकें असतात. खिळा भोंकाच्या मधोमध मारावयाचा आणि तोहि शेवटपर्यंत नाहीं, खिळ्याचें डोकें व पट्टा यांच्यामध्यें दहा सेंटांच्या नाण्याच्या जाडीएवढी फट राखावयाची. पट्टा भिंतीला टांगलेला असतो म्हणा ना. ज्या कारागिरानें हौसेनें खिळे घट्ट मारले त्याची भिंत पहिल्याच उन्हाळ्यांत लाटा येऊन फुगते. (घट्ट ठोकण्याची ही हौस आमच्या महाविद्यालयाच्या नियामक मंडळांतल्या कांहीं गृहस्थांनाहि आहे; पण तो विषय येथें नको.) आतां गडद रंग ऊन अधिक पितो. फिक्या रंगाच्या पट्ट्याला गडद रंग फांसला तर तो प्रमाणाबाहेर तापून वांकतो, आणि एकदां वांकला कीं निवाल्यावरहि सरळ होत नाहीं. समोरच्या घराच्या नव्या कांचेवरून उलटून आलेल्या उन्हानें शेजाऱ्याच्या भिंतीचे पट्टे लोंबकळल्याचीं उदाहरणें तिकडे घडलेलीं आहेत. यावरून जुन्या लोकांनीं नियम घातला, कीं आहे त्याहून गडद रंग व्हिनाइलला द्यावयाचा नाहीं. उष्णता परतविणारीं द्रव्यें घालून केलेले कांहीं गडद रंग आतां मिळतात, पण त्यांस पैसा अधिक पडतो.

दुकानांत प्रत्येक रंगाच्या चिठ्ठीवर एक आंकडा छापलेला असतो. काळ्यास शून्य आणि पांढऱ्यास शंभर धरून, तो रंग आपल्यावर पडलेल्या उजेडापैकीं किती परत टाकतो हें त्यावरून समजतें. जांवयांच्या मनांत भरलेला रंग निळसर राखी, आषाढाच्या ढगासारखा. त्याचा आंकडा अठ्ठावीस. दुकानदारानें नकारार्थी मान हलविली. शेवटीं पासष्ट आंकड्याच्या फिक्या राखाडी रंगावर व्यवहार ठरला. दलालाचेंहि मत तेंच होतें: घेणाऱ्याच्या डोळ्यांत कांहीं भरूं नये आणि कांहीं खुपूंहि नये, असा रंग असावा. कन्या दुकानांत कांहीं बोलली नाहीं. वाटेंत मात्र ती आईला म्हणाली, “कोण घेणार आहे तें ठाऊक नाहीं, आणि त्याच्या आवडीचा रंग आपण आजच द्यावयाचा.”

प्रत्यक्ष कामाची आम्हांस कल्पना होती ती ब्रश आणि डबा एवढीच. त्या दोहोंच्या आधीं भिंत धुवावी लागते. सात भाग पाण्यांत तीन भाग पांढरें व्हिनेगार घालून तें मऊ ब्रशानें घासलें कीं बुरशी सुटते. नंतर नळीनें धुवावयाचें. पण पाण्याचा झोत खालून वर मारावयाचा नाहीं, नाहीं तर पाणी पट्ट्यांच्या मागें शिरतें. पट्ट्यांच्या खालच्या कांठाला बारीक छिद्रें असतात, आंत गेलेलें पाणी त्यांतून ठिबकून जावें म्हणून. तीं रंगानें बुजूं द्यावयाचीं नाहींत. आणि उन्हांत रंग द्यावयाचा नाहीं, कारण तापलेल्या पट्ट्यावर तो ब्रशाखालींच वाळतो व फटकारे दिसत राहतात. परिणाम असा कीं ते सोळा दिवस आमचें घड्याळ म्हणजे त्या घराची सांवली होती. पहांटेचें दंव वाळलें कीं पश्चिमेची भिंत. दुपार उतरली म्हणजे पूर्वेची. दक्षिणेची सकाळीं नऊपर्यंत, किंवा आभाळ आलें असेल तर देवाचे आभार मानून दिवसभर. उत्तरेची भिंत तेवढी सोशीक. तिला केव्हांहि हात लावावा. चौदाशें चौरस फूट भिंत, दोन हात, आठ गॅलन रंग.

हें सगळें शास्त्र आम्हांस शेजारच्या घरांतल्या वृद्ध गृहस्थांनीं शिकविलें. जन्मभर विजेचें काम करून ते निवृत्त झालेले. शिडी त्यांचीच होती. जांवयांची नोकरी गेल्याचें त्यांना ठाऊक होतें. त्या विषयावर ते एक शब्दहि बोलले नाहींत. रोज सकाळीं कॉफीचा पेला घेऊन कुंपणाशीं येत, आदल्या दिवशींची भिंत पाहत, आणि एखादी चूक दाखवून परत जात. आपल्याकडे असा प्रसंग आला असतां शेजारी प्रथम सांत्वनाला येतो, मग चौकशीला, आणि शिडी देण्याचें कोणास सुचत नाहीं. कोणती रीत बरी हें आम्ही ठरवूं शकलों नाहीं. आमच्या कुटुंबाच्या मतें दोन्ही हव्यात, आधीं शिडी.

शिडीवर चढलेले जांवई पाहून आम्हांस पहिले दोनतीन दिवस जें वाटलें तें येथें लिहून टाकतों. आमच्या घराण्यांत भिंतीला हात लावणारा माणूस बाहेरून येई. दिवाळीच्या आधीं दोन गडी येत, परसांत खड्डा खणून कळीचा चुना विरवीत, आणि वडील पडवींत बसून ‘त्या कोपऱ्यांत राहिलें’ एवढें सांगत. घर आमचें आणि घराची त्वचा मात्र दुसऱ्यानें राखावयाची, अशी ती वांटणी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. आम्हीं वर्गांत श्रमाच्या प्रतिष्ठेवर किती वेळां बोललों असूं याची गणती नाहीं. कार्लाइल शिकवितांना तर घसा बसेपर्यंत. पण यंत्रविद्येची उच्च पदवी घेतलेला आपला जांवई रंगाचा डबा कमरेला अडकवून वीस फुटांवर उभा आहे, हें दृश्य पाहतांना मनांत आलें तें कार्लाइलचें नव्हतें. हें कोणी पाहील कीं काय, हें मनांत आलें. पाहणारें कोण? रस्त्यावरून कुत्र्याला फिरविणारी बाई. तिनें मान वर करून “छान दिसतंय” अशा अर्थाचें कांहीं म्हटलें आणि ती पुढें गेली.

जांवयांच्या मातोश्री नाशकास असतात. नोकरी गेल्याचें त्यांना सांगितलेलें नव्हतें. रक्तदाबाचें निमित्त होतें. रोज रात्रीं व्हिडिओ कॉल होई, आणि त्याच्या आधीं जांवई हात घासून घासून धूत. एके रात्रीं कानाच्या पाळीला राखाडी ठिपका राहिला. त्या माउलीला आठ हजार मैलांवरून तो दिसला.

“कानाला काय रे तें?”

“रंग आहे, आई. घराला रंग देतोंय.”

“तूं? तिकडे माणसें मिळत नाहींत का रे?”

जांवई हंसले. “मिळतात कीं. मीहि एक मिळालों.”

मुलाखती दुपारीं असत, त्याहि त्याच पडद्यावर. दीड वाजतां ते शिडीवरून उतरत, रंगलेला सदरा काढून इस्त्रीचा चढवीत, आणि कमरेखालीं तीच रंगानें कडक झालेली आंखूड विजार राहूं देऊन टेबलापाशीं बसत. बंद दाराआडून त्यांचा इंग्रजी आवाज येई, प्रसन्न आणि आत्मविश्वासाचा. तास-दीड तासानें दार उघडे. कसें झालें, हें विचारावयाचें नाहीं असा घरांत अलिखित नियम होता. ते पुन्हां सदरा बदलीत आणि पूर्वेच्या भिंतीकडे जात.

भिंती संपल्यावर झडपांची पाळी आली. झडप हा शब्द आम्हीं मुद्दाम योजला आहे. तिकडे यांना शटर म्हणतात, परंतु शटर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दुकानाचा घडघडणारा लोखंडी पडदा येतो. घराच्या पुढच्या चार खिडक्यांच्या दोन्ही बाजूंस एकेक अशा आठ काळ्या, झिलमिलीच्या झडपा होत्या. त्या काढूं गेलों तेव्हां पहिली गोष्ट कळली ती ही, कीं त्यांना बिजागरी नाहीं. प्लॅस्टिकच्या खुंट्यांनीं त्या भिंतीला कायमच्या जडलेल्या. दुसरी, खिडकी चाळीस इंच रुंद आणि झडप पंधरा इंच. म्हणजे ओढून लावल्या असत्या तरी मध्यें दहा इंचांची फट राहिली असती. तिसरी गोष्ट शेजाऱ्यांनीं दाखविली. खरी झडप लावलेली असतांना तिच्या पट्ट्या बाहेरच्या अंगास उतरत्या असाव्या लागतात, पाऊस बाहेर पडावा म्हणून. तीच झडप उघडून भिंतीला टेकविली कीं पट्ट्यांचा उतार भिंतीकडे झाला पाहिजे. येथें तो बाहेरच्या अंगाला होता. या झडपा उघड्याहि नव्हत्या आणि लावलेल्याहि नव्हत्या. आणि मागच्या बाजूच्या खिडक्यांना तर झडपा मुळींच नव्हत्या, कारण तिकडून रस्ता जात नाहीं.

आमच्या नातीनें विचारलें, “आजोबा, मग या कशाला आहेत?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हीं पंचवीस वर्षें वर्गांत दिलेलें आहे. रस्किनचा ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ १८४९ सालीं निघाला. त्यांतील सत्यावरच्या प्रकरणांत त्यानें वास्तुकलेंतील तीन कपटें सांगितलीं आहेत: इमारतीचा भार जेथें नाहीं तेथें आहे असें भासविणें, एका पदार्थाच्या पृष्ठभागावर दुसऱ्याचें सोंग रंगविणें, आणि हातानें घडविल्यासारखी दिसणारी नक्षी यंत्रांतून काढणें. रस्किनला त्या अंगणांत उभें केलें असतें तर त्यानें दुसऱ्या व तिसऱ्या गुन्ह्याखालीं त्या घरास तेथल्या तेथें शिक्षा ठोठावली असती. परंतु त्याच प्रकरणांत एक सवलत आहे, आणि ती विद्यार्थ्यांच्या लक्षांत राहत नाहीं. इमारतीवरचा सोन्याचा मुलामा त्याला कपट वाटत नाहीं, कारण तो भरीव सोनें आहे असें पाहणारा कोणी समजतच नाहीं; तोच मुलामा दागिन्यावर केला तर फसवणूक. म्हणजे खोटेपणा पदार्थांत नाहीं, पाहणाऱ्याच्या समजुतींत आहे. या कसोटीनें पाहिलें तर एडिसन गांवांत व्हिनाइलला लांकूड समजणारा एकहि माणूस नाहीं, आणि त्या झडपा रात्रीं लावतात असें मानणारी कोणी असेल तर आमची सहा वर्षांची नात. आतां तीहि नाहीं. सर्वांस ठाऊक असलेलें सोंग हें सोंग राहतें कीं कपाळावरच्या कुंकवासारखी ती एक रीत होते? आम्ही रस्किनच्या सवलतीकडे झुकतों. तरी पण पट्ट्यांचा उतार उलटा बसविण्याचें कांहीं कारण नव्हतें. सोंगच आणावयाचें तर तें नीट आणावें.

शेजाऱ्यांनीं एकदां एक आंकडीसारखें हत्यार आणून पट्ट्यांचा सांधा उकलून दाखविला. मागें घराची खरी भिंत होती: लांकडी फळ्या, त्यांवर जुना पिंवळा रंग, जागजागीं पापुद्रे सुटलेला. कन्येनें चटकन् विचारलें, “हे सगळे पट्टे काढूनच टाकले तर?” शेजाऱ्यांनीं सांधा पुन्हां बसविला. अमेरिकेंत १९७८ पर्यंत घरगुती रंगांत शिसें घालावयास मुभा होती. तो पिंवळा रंग खरवडणें म्हणजे लहान मूल असलेल्या घरांत शिशाची धूळ उडविणें. शिवाय काढलेले पट्टे टाकावयाचे कोठें? व्हिनाइल ज्या वायूपासून करतात तो माणसाला कर्करोग करणारा आहे; १९७४ सालीं केंटकी संस्थानांतील लुइव्हिल येथल्या कारखान्यांतील कामगारांना यकृताचा एक दुर्मिळ कर्करोग त्यानें होतो असें उघडकीस आलें. ३ फेब्रुवारी २०२३ रोजीं ओहायो संस्थानांत ईस्ट पॅलेस्टाइन या गांवाजवळ आगगाडी रुळांवरून घसरली. तीन दिवसांनीं तिच्यांतील पांच टाक्यांतला हाच वायु मुद्दाम जाळला गेला, तेव्हांचा काळा लोट सर्व जगानें पाहिला. ज्यूडिथ हेल्फंड या बाईनें व तिच्या एका सहकाऱ्यानें ‘ब्ल्यू व्हिनाइल’ नांवाचा बोलपट २००२ सालीं काढला, तोहि तिच्या आईबापांच्या घराला बसविलेल्या निळ्या पट्ट्यांवरून. भिंतीवर टांगलेला पट्टा शेजारच्याला कांहीं करीत नाहीं. तो करतांना व जाळतांना अपाय आहे. मग एकदां झालेला पट्टा रंगवून आणखी वीस वर्षें चालविणें हें त्यांतल्या त्यांत शहाणपणाचें, असें आमचें मत झालें. कन्येचेंहि झालें, पण ती त्या पिंवळ्या रंगाबद्दल नंतर पुष्कळ वेळ बोलत होती. कोणीतरी हौसेनें दिलेला होता तो, असें तिचें म्हणणें.

झडपा कोणत्या रंगाच्या करावयाच्या यावर मात्र वाद झाला. दलाल म्हणाला, होत्या तशा काळ्या. जांवयांचें तेंच मत. ते थकले होते आणि दिवस पंचेचाळीसावा होता. त्या संध्याकाळीं कन्या एकटीच दुकानांत जाऊन एक डबा घेऊन आली. झाकण उघडून पाहतों तों निळसर हिरवा रंग. आम्हांस तो ओळखावयास वेळ लागला नाहीं. राजापुराजवळ आमचें वडिलार्जित घर आहे, त्याच्या खिडक्यांच्या झडपांचा तो रंग. मृगाचा पाऊस वाऱ्याबरोबर आंत येऊं लागला, झड लागली, कीं त्या लावावयाच्या. हें काम घरांतल्या मुलांचें असे. कन्या लहानपणीं मे महिन्यांत तिकडे असावयाची आणि पहिली झड लागेपर्यंत मुंबईस यावयास तयार नसावयाची. फुगलेल्या लांकडाची झडप लावतांना जो आवाज होतो तो आम्हांसहि आतां कोठें ऐकूं येत नाहीं.

जांवई म्हणाले, “नियम काय आहे? आहे त्याहून गडद नको.”

“काळ्याहून गडद काय असतें?” कन्या म्हणाली.

याला पदार्थविज्ञानांत उत्तर नव्हतें. घर विकतांना हा रंग आड येईल, असें जांवई आणखी एकदां म्हणाले. ती म्हणाली, भिंती त्यांच्यासाठीं दिल्या ना? झडपा माझ्या.

झडपा भिंतीवरून काढून, धुऊन, मोटारीच्या खोलींत घोड्यांवर आडव्या टाकून रंगविल्या. एकीच्या मागें गांधीलमाशांचें वाळकें पोळें होतें. नातीनें तें खोक्यांत जपून ठेवलें. हें काम सगळ्यांनीं मिळून केलें, आणि येथें प्रथमच आमच्याहि हातांत ब्रश आला. झिलमिलीच्या पट्ट्यांमध्यें रंग सांचून ओघळतो, त्यासाठीं ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून दोनदां द्यावा लागतो. हा रंग आणि आमच्या गड्यांचा चुना यांत एक मोठा फरक आहे. चुना हवेंतला वायु शोषून हळूहळू पुन्हां दगड होतो. दर दिवाळीचा हात आदल्या हातांत मुरतो आणि भिंतच होऊन जातो. राजापूरच्या भिंतीवर आमच्या आजोबांची दिवाळीहि आंत कोठेंतरी असली पाहिजे. व्हिनाइलवरचा रंग मुरत नाहीं. तो वरच्या वर राहतो, एखाद्या पातळ सालीसारखा, आणि त्याखालीं पट्टा आपला वाढतो, आंखडतो. चांगला रंग तो, जो त्याच्याबरोबर ताणला जातो आणि तडकत नाहीं.

चार झडपा होऊन वाळत पडल्या होत्या तेव्हां, एक्कावन्नाव्या दिवशीं, जांवयांना फोन आला. नोकरी मिळाली होती. टेक्सास संस्थानांत. नवा धनी अर्ज मुदतींत करणार होता. आठ दिवसांत ऑस्टिन शहरीं हजर व्हावयाचें होतें. आमच्या कुटुंबानें देवापुढें साखर ठेवली. जांवयांनीं प्रथम नाशिकला फोन लावला आणि मातोश्रींना दोन्ही बातम्या एकदम सांगितल्या, नोकरी गेल्याची आणि मिळाल्याची. पलीकडून कांहीं वेळ कांहींच आवाज आला नाहीं. मग त्या म्हणाल्या, “म्हणून रंग देत होतास होय.”

टेक्सासांत त्यांनीं पाहिलेलीं घरें बहुतेक विटांचीं आहेत. एडिसनचें घर एवढ्यांत विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें, असें त्या रात्रीं जेवतांना ठरलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जांवई मोटारीच्या खोलींत आले आणि उरलेल्या चार काळ्या झडपांकडे पाहत उभे राहिले.

“आतां यांना काय करायचें? राहणार तर आपण नाहींच.”

“चार हिरव्या झाल्या आहेत,” कन्या म्हणाली, आणि तिनें डबा उघडला.

दोन दिवसांनीं आठहि झडपा नव्या खुंट्यांनीं भिंतीवर बसल्या. बसवितांना शेजारी कुंपणावरून पाहत होते. जांवयांनीं प्रत्येक झडप उलटी करून धरली, आणि पट्ट्यांचा उतार भिंतीकडे आहे ना हें त्यांना विचारून मग खुंटी मारली. उरलेला हिरवा रंग सुमारें पाव डबा होता. कन्येनें झांकण घट्ट बसवून त्यावर रंगाचा आंकडा, दुकानाचें नांव, तारीख आणि ‘फक्त झडपांसाठीं’ असें इंग्रजींत लिहिलें, व तो तळघरांतल्या फळीवर, राखाडी रंगाच्या डब्याशेजारीं ठेवला. भाडेकरू सप्टेंबरांत आले.